संपादकीय.एमडी आणि सेडचा घोळ: एकच कमांड, तीन मशिनं, तीन तऱ्हा

शेलारमामा (धागाकर्ता)

मंडळी, राम राम. दिवाळी सरली, म्हणून आता निवांत लिहितोय.

आमच्या मंडळाचा ई-दिवाळी अंक आम्ही तिघं मिळून बांधतो. लेख कुणाचे वर्डमध्ये येतात, कुणाचे गूगल डॉकमध्ये. एक आजोबा तर अजून व्हॉट्सॅपवर तुकड्यातुकड्यांत पाठवतात. ते सगळं मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत, फाइलच्या नावामागे .एमडी) आणून एका फोल्डरमध्ये टाकायचं आणि शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडींची यादी) चालवायची. ती वर्ष बदलते, इंग्रजी आकडे मराठी करते आणि शेवटी पॅन्डॉकला (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात नेणारं साधन) हाक मारून पीडीएफ आणि ईपब काढते. माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर इतकी वर्षं बिचारी निमूट चालली.

यंदा वसुबारसेच्या तीन दिवस आधी त्या लॅपटॉपवर चहा सांडला. स्क्रिप्ट मित्राकडे पाठवली, त्याच्याकडे मॅक. रात्री साडेअकराला त्याचा फोन: "अरे, हे संपादकीयाला शिव्या देतंय."

सेड म्हणजे फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड, आणि -आय म्हणजे बदल त्याच फाइलमध्ये कर. स्क्रिप्टमधली ओळ अशी होती (इथल्या रिवाजाप्रमाणे कमांडी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टाका, नाहीतर पुढचा धागा त्यावर निघेल):

सेड -आय 'एस/अंकवर्ष/२०२५/' संपादकीय.एमडी

आणि मॅक म्हणत होता, 'बदल-कमांडीत के हा चुकीचा फ्लॅग आहे'. आमच्या ओळीत 'के' असा फ्लॅग (कमांडीच्या शेवटी जोडायचं सूचनेचं अक्षर) कुठेच नाही! अर्धा तास डोकं खाजवलं. मग उलगडा झाला.

लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये -आय च्या पुढे बॅकअपचं शेपूट (जुन्या प्रतीच्या नावामागे लागणारी अक्षरं) लावणं ऐच्छिक आहे, आणि लावायचंच तर चिकटवून लावायचं. मॅकवरचं सेड बीएसडी घराण्यातलं, म्हणजे नाव तेच पण लिहिलेलं वेगळ्यांनी. तिथे -आय ला शेपूट द्यावंच लागतं. नाही दिलंत तर पुढे जे येईल ते शेपूट समजून उचललं जातं. म्हणजे आमचा अख्खा एस/अंकवर्ष/२०२५/ झाला शेपूट, आणि फाइलचं नाव झालं कमांड. आता गंमत बघा. संपादकीयचं रोमन स्पेलिंग एस-ए-एम-पी-ए-डी-ए-के-आय-वाय-ए. पहिलं अक्षर एस, म्हणजे 'बदल'. एसच्या नंतर जे अक्षर येईल तेच सेड विभाजक धरतं, इथे ए. दोन ए-च्या मधे 'एमपी', मग 'डी', पुन्हा ए. म्हणजे सेडला कळलं ते असं: 'एमपी' शोध, त्याजागी 'डी' घाल, आणि पुढे फ्लॅग आहे 'के'. असा फ्लॅग नाही, म्हणून शिव्या. मुखपृष्ठाच्या फाइलवर एरर वेगळीच आली, कारण एम नावाची कमांडच सेडमध्ये नाही. फाइलच्या पहिल्या अक्षरावर एरर बदलते म्हटल्यावर माणूस गोंधळणार नाही तर काय!

प्रश्न असा: तिघांची तीन मशिनं आहेत (माझं उबुंटू, मित्राचा मॅक, आणि तिसऱ्याकडे उबुंटू १८.०४ चा जुना डेस्कटॉप, जो तो बदलणार नाही म्हणजे नाही). एकच स्क्रिप्ट तिन्हीकडे चालावी यासाठी तुम्ही काय करता? 'सगळ्यांनी लिनक्स घ्या' हे उत्तर नको, ते देऊन झालंय.

टर्मिनलपीडित

मामा, संपादकीयाला 'बदल' समजणारं सेड तुमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत घ्या.

तात्पुरता तोडगा: शेपूट चिकटवून द्या. सेड -आय.बॅक असं, मधे जागा न सोडता. हे ग्नू आणि बीएसडी दोघांनाही चालतं. काम झालं की .बॅक फाइल उडवायची. पॉझिक्सच्या (कमांडी कशा वागाव्यात ते ठरवणारं मानक) प्रमाण सेडमध्ये -आय नाहीच, त्यामुळे सोवळ्यात राहायचं असेल तर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि एमव्हीने (फाइलचं नाव बदलणारी कमांड) मूळ नावावर आणा.

शेलारमामा

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! मित्राने कुठूनतरी वाचून -आय -ई केलं. चाललं की हो, एररबिरर काही नाही. पण मॅकने '-ई' हेच शेपूट धरलं आणि प्रत्येक फाइलची जुनी प्रत त्या नावाने शेजारी ठेवून दिली. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या 'लेख'ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली उचलते. झालं, प्रत्येक लेख दोनदा. पहिल्या कच्च्या ईपबवर आजोबांचा मेसेज आला, "लेख दोनदा छापलात, मानधनही दुप्पट समजू का?"

(मानधन शून्य आहे. दुप्पटही शून्य.)

नवशिक्या_७

बाळबोध प्रश्न असेल तर माफ करा. यूनेम चालवून मॅक आहे की लिनक्स ते बघायचं आणि इफ-एल्स टाकायचं, एवढं पुरेसं नाही का? मी ऑफिसात तेच केलंय.

बेळगावची अक्का

नवशिक्या, प्रश्न बाळबोध नाही, निम्मं जग तेच करतं. पण यूनेम सांगतं कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठला ते. सेड कुठलं आहे ते त्याला काय माहीत? मॅकवर होमब्रू या इन्स्टॉलरने ग्नू-सेड टाकून त्याचा फोल्डर पाथमध्ये (कमांडी जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) पुढे ठेवणारे ढिगाने आहेत. यूनेम म्हणेल डार्विन (मॅकचा कर्नल), आणि सेड असेल ग्नू. मग तुझ्या मॅकच्या फांदीतलं -आय '' तिथे आपटेल: ग्नू त्या रिकाम्या अवतरणालाच स्क्रिप्ट समजतं आणि तुझ्या एस/…/ नावाची फाइल शोधत बसतं. उलट अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (लागणारी सगळी साधनं आत भरलेली पेटी) यूनेम म्हणतं लिनक्स, पण आत असतं बिझीबॉक्स (अनेक कमांडी एकात बसवलेलं छोटं साधन).

मग तू म्हणशील, सेडलाच --व्हर्जन विचारू. बीएसडी सेडला तो ऑप्शनच माहीत नाही, ते नापास होऊन परततं, तेवढं ठीक. पण बिझीबॉक्सच्या सेडला विचारलंस तर ते छापतं, 'धिस इज नॉट ग्नू सेड व्हर्जन ४.०'. खोटं वाटेल, पण शब्दशः हेच. ऑटोकॉन्फच्या (मशिनावर काय काय आहे ते तपासणाऱ्या स्क्रिप्टा बनवणारं साधन) स्क्रिप्टा व्हर्जन विचारून छळतात म्हणून त्यांना गप्प करायला मुद्दाम लिहिलेली ओळ आहे ती, सोर्समध्ये टिप्पणीसकट. आता तुझी स्क्रिप्ट त्या वाक्यात 'ग्नू सेड' हे दोन शब्द ग्रेपने शोधत असेल तर? सापडतात! 'मी तो नव्हेच' म्हणणाऱ्यालाच तू ओळखपत्र दिलंस.

म्हणून मी नाव-गाव विचारत नाही. छोटं काम देते आणि ते करून दाखवतो का ते बघते. तात्पुरत्या फाइलमध्ये एक अक्षर लिहायचं, -आय ने ते बदलायला सांगायचं, बदललं का बघायचं. चार ओळींचं फंक्शन. बदललं तर ही पद्धत, नाहीतर ती.

ही युक्ती माझी नाही हो. ऑटोकॉन्फ १९९१ पासून हेच करत आलंय. कॉन्फिगर चालवल्यावर 'चेकिंग फॉर… येस' अशी जी रांग धावते ना, त्यात बऱ्याच ठिकाणी तो चिमुकला प्रोग्राम लिहून, कंपाइल करून बघत असतो.

सव्वाशेर

अक्का, ऑटोकॉन्फचं उदाहरण तुम्ही द्यावं? त्याच ऑटोकॉन्फच्या २.१३ आणि २.५० मध्ये इतकं बिनसलं की डेबियन या लिनक्सला दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून मधे एक मध्यस्थ स्क्रिप्ट बसवावी लागली. ती तुमची इनपुट फाइल वाचून अंदाज बांधायची, की याला जुनं हवं की नवं. मोझिलाचं बिल्ड तर पुढे कितीतरी वर्षं २.१३ च मागत होतं. विसंगती हुडकणाऱ्याच्याच घरात विसंगती.

बेळगावची अक्का

मान्य. दिव्याखाली अंधार. पण दिवा लावायचाच नाही असं ठरत नाही त्यावरून. 🙂

दगडू_डॉकर

इतकी चर्चा कशाला? कंटेनर करा. आत पॅन्डॉक, सेड, फाँट सगळं ठरलेल्या आवृत्तीचं. तिघांनी तोच चालवायचा. विषय संपला.

शेलारमामा

दगडूशेठ, विषय संपला नाही, नवा सुरू झाला. तुमचं ऐकून काल डेबियनच्या स्लिम इमेजवर (कंटेनरचा साचा) केलं. पहिलाच दणका आकड्यांवर.

इंग्रजी आकडे मराठी करायला मी सेडची वाय कमांड वापरतो: डावीकडे दहा इंग्रजी आकडे, उजवीकडे दहा मराठी. लॅपटॉपवर व्यवस्थित. कंटेनरमध्ये म्हणतो, 'वायच्या दोन बाजूंची लांबी वेगळी आहे'. दहा आणि दहा वेगळे? बोटांवर मोजले, खरंच मोजले. मग ध्यानात आलं की कंटेनरमध्ये लोकेल (भाषा आणि अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सेटिंग) काहीच ठरवलेलं नसतं, म्हणजे सी हे मूळ लोकेल. तिथे सेड अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. देवनागरीतला प्रत्येक आकडा यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत ३ बाइटांचा. डावीकडे १०, उजवीकडे ३०. एलसी_ऑल मध्ये सी.यूटीएफ-८ टाकल्यावर सुरळीत झालं.

म्हणजे सेड तेच, आवृत्ती तीच, आणि वागणं भोवतालच्या एका व्हेरिएबलवर अवलंबून.

ओहायोकर

मामा, आकड्यांवरून आठवलं. टीआर कमांडीचं (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारी) काय केलंत? इथल्या मराठी शाळेच्या प्रश्नपत्रिकांसाठी मी हेच टीआरने करायचो, मॅकवर. झकास चालायचं. मग ते काम एका पालकांनी लिनक्सवर नेलं आणि मुलांच्या हातात गणिताच्या पेपरात आकड्यांऐवजी काळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं. एका मुलीने 'हे प्रश्न फार अवघड आहेत' असं लिहून कोरा पेपर दिला.

मॅकचं टीआर अक्षर ओळखतं. ग्नूचं टीआर बाइटच ओळखतं, त्यांच्या कागदपत्रातही तसं कबूल केलंय. शून्य ते नऊ अशी मराठी श्रेणी दिली की ते तिचे बाइट सोडवतं आणि प्रत्येक इंग्रजी आकड्याच्या जागी एकेक सुटा बाइट ठेवतं. सुट्या बाइटाला यूटीएफ-८ मध्ये काही अर्थ नाही. आणि एरर? शून्य. ते स्वतःला यशस्वी समजून परत येतं. यात लोकेल बदलूनही उपयोग नाही, म्हणून मी आता सेडची वायच वापरतो.

सव्वाशेर

ओहायोकरांनी खरी दुखरी नस पकडली. जी कमांड ओरडते तिची मला भीती नाही. मामांचा मॅक ओरडला, अर्ध्या तासात सापडला. मुकाट्याने भलतंच करणाऱ्या कमांडी वर्षभर सापडत नाहीत. माझ्या संग्रहातले काही नमुने:

मॅकबरोबर येणारं मेक (ठरलेली कामं, म्हणजे टार्गेटं, ओळीओळीने करून घेणारं साधन) ३.८१ आहे, २००६ चं. .वनशेल ही (एका टार्गेटच्या सगळ्या ओळी एकाच शेलमध्ये चालवायची) सोय ३.८२ मध्ये आली. ३.८१ ला ती दिलीत तर ते तिला एखादं साधं टार्गेट समजतं आणि पुढे जातं. मग तुम्ही पहिल्या ओळीत सीडी करून बदललेला फोल्डर दुसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही, आणि तिसऱ्या ओळीत आरएम (फाइली उडवणारी कमांड) असेल तर देव तुमचं भलं करो. बॅश या शेलचंही तसंच. बॅश ४ हे २००९ मध्ये जीपीएल ३ परवान्याखाली आलं आणि ॲपल ३.२ वर थांबलं ते थांबलंच. पण तिथे बॅश ४ मधलं डिक्लेअर -ए (कॅपिटल ए) लिहिलं की निदान एरर तरी येते.

स्टॅट घ्या. फाइलचा आकार काढायला बीएसडीवर -एफ लागतो, ग्नूवर -सी. ग्नूमध्येही -एफ आहे, पण त्याचा अर्थ 'फाइलसिस्टिमची माहिती दे'. अक्षर तेच, काम भलतंच.

आणि अगदी ताजं: उबुंटू २५.१० मध्ये रस्ट भाषेत लिहिलेल्या कोअरयूटिल्स (रोजच्या मूलभूत कमांडी) आल्या. त्यातल्या डेट कमांडीला -आर (फाइल शेवटची कधी बदलली ते सांग) हा ऑप्शन वाचता येत होता, पण त्यामागचं काम लिहिलेलंच नव्हतं. ती निमूट आत्ताची वेळ सांगायची. परिणामी काही मशिनांवर अपडेट आपोआप तपासणंच बंद पडलं. दुरुस्ती लगेच आली, पण विचार करा, इथे --व्हर्जन विचारून काय कळलं असतं? आणि ऑप्शन 'चालतो का' एवढंच बघितलं असतं तरी उत्तर 'चालतो' असंच आलं असतं. अक्का म्हणतात तसं काम देऊन निकाल पडताळला तरच.

दगडू_डॉकर

सगळं खरं, पण तुम्ही सगळे माझाच मुद्दा सिद्ध करताय. आवृत्ती बांधून टाकली असती तर यातलं काही झालं नसतं. मामांची लोकेलची अडचणसुद्धा एकदाच आली, एकदाच सुटली, आता तिघांकडे सुटलेली आहे.

टर्मिनलपीडित

दगडू, तुझ्या इमेजला टॅग (आवृत्तीची चिठ्ठी) काय रे? 'लेटेस्ट'? 😄 आणि आकडा दिला असलास तरी आत एपीटी इन्स्टॉल (सॉफ्टवेअर टाकणारी कमांड) आवृत्तीशिवायच असेल, पैज लावतो. आज बांधलेली आणि सहा महिन्यांनी बांधलेली इमेज सारखी निघत नाही.

शिवाय कंटेनर चालवणारं खुद्द डॉकरच. अनेक कंटेनर एकत्र चालवणारं जुनं डॉकर-कंपोज (मधे डॅशवालं, पायथॉनमधलं) जुलै २०२३ नंतर वाऱ्यावर सोडलं. नवं डॉकर कंपोज, डॅश नाही. तेवढं बदलून आम्ही निश्चिंत झालो, आणि बॅकअपची स्क्रिप्ट बंद. का? जुनं कंटेनरच्या नावात अंडरस्कोर घालायचं, नवं डॅश घालतं. आमची स्क्रिप्ट नावावरून कंटेनर शोधायची. बारा दिवस बॅकअपच्या नावाने रिकाम्या फाइली जमत होत्या.

दगडू_डॉकर

…लेटेस्ट आहे. बदलतो.

नवशिक्या_७

मामा, तुमच्या तिसऱ्या मित्राच्या १८.०४ वर पॅन्डॉक कुठलं आहे? मी पॅन्डॉकच्या आवृत्तीची तुलना करणारं छोटं फंक्शन लिहिलंय, हवं तर देतो. पॉइंटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे घेऊन दशांश संख्या म्हणून तुलना करतं.

बेळगावची अक्का

बाळा, दशांश नको! पॅन्डॉक २.१९ हे २.२ च्या पुढचं आहे. दशांशात मागचं ठरेल. अक्षरांची तुलना केलीस तरी तीच गत, १० हे ९ च्या आधी येईल. पॉइंटवर तोडून प्रत्येक तुकडा वेगळा, पूर्णांक म्हणून ताडून बघ. सॉर्टचा -व्ही (कॅपिटल) हे करतो, पण तो तरी सगळीकडे आहे का, हे आधी तपासावं लागेल. म्हणजे पुन्हा तेच गुऱ्हाळ.

शेलारमामा

त्याच्याकडे पॅन्डॉक १.१९ आहे. पॅन्डॉक २.० मध्ये (२०१७) --लेटेक-इंजिन काढून --पीडीएफ-इंजिन आणलं. देवनागरीसाठी आम्हाला झीलेटेक (पीडीएफ बनवणारं एक इंजिन) सांगावंच लागतं, त्यामुळे हा ऑप्शन टाळता येत नाही. जुन्याला नवा कळत नाही, नव्याला जुना चालत नाही. नवं निदान सभ्यपणे सांगतं, 'तो काढलाय, त्याऐवजी हा वापरा'.

आज सकाळी बसून जे केलं ते सांगतो. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'पारख' नावाचा एक भाग लिहिला. सेडला एक चिमुकली फाइल देऊन -आय.बॅक करून घेतो आणि आत खरंच बदल झाला का बघतो. मग १२३ हे वायमधून काढतो आणि १२३ मराठीत आलं का ते ताडतो. नाही आलं तर 'लोकेल यूटीएफ-८ नाही' असं चक्क मराठीत सांगून तिथेच थांबतो, पुढे जातच नाही. पॅन्डॉकच्या --हेल्पमध्ये पीडीएफ-इंजिन सापडलं तर एका व्हेरिएबलमध्ये नवा ऑप्शन, नाहीतर जुना, आणि खाली सगळीकडे तो व्हेरिएबल. पूर्वी हेच इफ-एल्स मी पाच ठिकाणी पेरले असते.

कंटेनरही ठेवलाय, दगडूंच्या मानासाठी. पण पारख त्याच्या आतही चालते. कालचा लोकेलचा घोळ आतच झाला होता ना.

जुन्या डेस्कटॉपवर सात वेळा चालवून बघितलं. सहा वेळा बरोबर, एकदा म्हणे पीडीएफ-इंजिन सापडलं नाही. तिथे ते नाहीच, तेव्हा ते ठीक. पण माझ्या लॅपटॉपवरही (चहातून वाचला!) एकदा 'नाही' आलं, आणि इथे तर ते आहे. हे काय नवीन?

बेळगावची अक्का

थांबा, 'सहा वेळा बरोबर, एकदा नाही' हे जुन्यावर कसं? जुन्यावर सातही वेळा 'नाही'च यायला हवं.

शेलारमामा

चुकलं, सहा-एक लॅपटॉपवरचं आहे. जुन्यावर सातही 'नाही'. रात्रीचा दीड वाजलाय.

बेळगावची अक्का

मग सांगा, वर सेट -ओ पाइपफेल लावलंय? आणि हेल्पचा मजकूर पाइपने (एका कमांडीचं बोलणं दुसरीला पोचवणारी नळी) ग्रेप -क्यू मध्ये घालताय?

शेलारमामा

दोन्ही. तुम्हाला कसं कळलं?

बेळगावची अक्का

पोळलेय म्हणून. ग्रेप -क्यू ला शब्द सापडला की ते तिथेच उठून जातं, पाइपचं तोंड बंद. पॅन्डॉक मागे अजून बोलतच असतो, तर त्याला 'ऐकणारा गेला' असा धक्का बसतो आणि तो नापास होऊन संपतो. पाइपफेल म्हणजे पाइपमधला एक नापास तर सगळे नापास; ते लावलंय, म्हणून पूर्ण पाइपच नापास ठरतो. सापडलं, म्हणूनच 'नाही' आलं. पॅन्डॉकचं बोलणं ग्रेप उठण्याआधी संपलं तर काही होत नाही, म्हणून सहादा ठीक, एकदा नाही.

हेल्प आधी पूर्ण एका व्हेरिएबलमध्ये घ्या. मग केस लावून त्यात शब्द आहे का बघा. पाइपच नको.

शेलारमामा

केलं. लॅपटॉपवर चाळीस वेळा फिरवलं, चाळीसही बरोबर. मित्राला मॅकवर पाठवलंय. आजोबांनी पुढच्या वर्षीच्या लेखाचा पहिला तुकडा आत्ताच व्हॉट्सॅपवर टाकलाय, फाइलचं नाव काय ठेवू विचारतात.

टर्मिनलपीडित

एस ने सुरू होणारं नको म्हणावं.